प्लेगच्या काळातील लसदूत : वाल्देमार हाफकिन

एरंडोल, धरणगाव, पारोळा किंवा अमळनेरच्या शिवारात पावसाळ्यात कुणाला साप चावला, की सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे का, ही पहिली चौकशी होते. महाराष्ट्रात त्या औषधाशी आणि पोलिओच्या डोसाशी अनेक वर्षे एक नाव जोडले गेले आहे, ते म्हणजे हाफकिन. परळच्या या संस्थेचे नाव घरोघरी ठाऊक आहे. परंतु हाफकिन हा एक हाडामांसाचा माणूस होता, मुंबईवर आणि पाठोपाठ खानदेशासह साऱ्या महाराष्ट्रावर प्लेगचे संकट कोसळले तेव्हा त्याने लस तयार करून ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, आणि पुढे त्याच लसीपायी त्याला कलंक सोसावा लागला, ही हकिकत मात्र फारशा कुणाला ज्ञात नाही. २०२० आणि २०२१ या वर्षांत करोनाने लसीकरणाचा प्रश्न पुन्हा प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवला. त्या पार्श्वभूमीवर हे चरित्र आवर्जून आठवावे असे आहे.

ओडेसा ते पॅरिस

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. बालपण आझोव्ह समुद्राकाठच्या बेर्दियान्स्क या गावी गेले. १८७९ मध्ये ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळंकृत करतात, हा शोध लावणारे आणि पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकोव्ह.

तो काळ रशियात विलक्षण अस्वस्थतेचा होता. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि त्यानंतर दक्षिण रशियात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. तरुण हाफकिन क्रांतिकारी गटांच्या संपर्कात होते. ओडेसातील ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांच्या पथकातही ते सामील झाले. या काळात त्यांना अटक झाली. मेचनिकोव्ह यांच्या मध्यस्थीमुळे सुटकाही झाली. पुढे त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तथापि, अध्यापकपद हवे असेल तर ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागेल, ही अट त्यांनी मान्य केली नाही. परिणामी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील दुय्यम नोकरीवर त्यांना समाधान मानावे लागले.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. प्रथम जिनिव्हा आणि १८८९ मध्ये पॅरिस असा प्रवास झाला. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच सुरू झाली होती आणि मेचनिकोव्हही तेथे पोहोचले होते. हाफकिन यांना मिळालेली पहिली जागा ग्रंथालयातील साहाय्यकाची होती. दिवसा पुस्तकांची व्यवस्था पाहायची, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे आणि मन रमवण्यासाठी व्हायोलिन वाजवायचे, असा त्यांचा दिनक्रम असे. लवकरच एमिल रू यांचे साहाय्यक म्हणून त्यांना बढती मिळाली.

त्यांनी निवडलेला विषय होता पटकी, म्हणजे कॉलरा. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात या रोगाच्या जंतूवर काम केले होते. स्पेनमध्ये फेरान यांनी १८८५ मध्ये लस टोचण्याचा प्रयत्न केला होता, पण त्यावर तज्ज्ञांचा विश्वास बसला नव्हता. हाफकिन यांनी गिनीपिगच्या शरीरातून जंतू पुनःपुन्हा नेऊन त्यांची तीव्रता वाढवली, उष्णतेने दुसरा जंतू क्षीण केला आणि दोन टोचण्यांची पद्धत बसवली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले आणि बरे वाटले. त्यानंतर काही मित्रांनीही ती घेतली. महिनाअखेरीस हे निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे ठेवण्यात आले.

लस सिद्ध करायची तर रोग जिथे दरवर्षी येतो तिथेच जायला हवे होते. रशियाचे दार बंद होते. त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत असलेले लॉर्ड डफरिन हे हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय. त्यांच्या शिफारशीने हाफकिन यांचा हिंदुस्थानचा मार्ग मोकळा झाला आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले.

कलकत्त्याच्या वस्तीतील धडा

हिंदुस्थानात त्यांना दोन बाजूंनी अविश्वासाला तोंड द्यावे लागले. परक्या माणसाच्या हातातील सुई पाहून लोक बिचकत. दुसरीकडे, वैद्यकाची पदवी नसलेला एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ आपल्या क्षेत्रात आला, याची सल इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अनेक अधिकाऱ्यांच्या मनात होती. आग्र्याचे हॅन्किन यांच्यासारखे काही शास्त्रज्ञ मात्र पाठीशी उभे राहिले. उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांतून व गावांतून त्यांनी लस टोचली.

खरी कसोटी लागली ती मार्च १८९४ मध्ये, कलकत्त्याच्या काटाल बागान या गरीब वस्तीत. तेथील एका तळ्याच्या पाण्यामुळे पटकी पसरली होती. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत जे रुग्ण आढळले ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. या कामात चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे बंगाली डॉक्टर हाफकिन यांच्याबरोबर होते. लोकांपुढे स्वतः टोचून घ्यायचे, स्थानिक डॉक्टरांना बरोबर घ्यायचे आणि ज्याची इच्छा नाही त्याला हात लावायचा नाही, ही त्यांची पद्धत तेथेच ठरली. एकाच घरातील, एकाच वस्तीतील लस घेतलेल्या व न घेतलेल्या लोकांची तुलना करायची, हा शास्त्रीय दंडकही त्यांनी तेव्हापासून पाळला. आज कोणत्याही नव्या लसीची चाचणी याच तत्त्वावर होते. पुढे आसामातील चहामळ्यांतही हजारो मजुरांना ही लस देण्यात आली. मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना काही काळ इंग्लंडला जावे लागले, पण पुढच्याच वर्षी ते परतले.

मुंबईत गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या जांघेतील गाठ पाहून प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदामांचा, धान्याच्या पोत्यांचा आणि अर्थातच उंदरांचा भाग. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. लाखो लोकांनी मुंबई सोडली. रस्ते, बाजार आणि गिरण्या ओस पडल्या.

पळणाऱ्या माणसांबरोबर रोगही निघाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नाशिकवरून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशाच्या मधून जातो. कापूस आणि धान्य वाहणारी हीच वाट. अंजनी नदीकाठचे एरंडोल हे जुन्या बाजारपेठेचे, एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले गाव. म्हसावदचे रेल्वे स्थानक तेथून बैलगाडीच्या अंतरावर. अशा गावांना मुंबई दूर राहिली नव्हती. खानदेशात पुढील काही वर्षे प्लेगच्या लाटा येत राहिल्या. घरात उंदीर पडू लागले, की बिऱ्हाड उचलून माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहायचे, हा अनुभव महाराष्ट्रातील कितीतरी घरांच्या आठवणीत पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. असोद्याच्या लेकी आणि जळगावच्या सून असलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या घरातही प्लेगने शिरकाव केला. त्यांचे चिरंजीव ओंकार यांना त्याने कायमचे अपंगत्व दिले. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी ओळखला होता. परंतु तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसू हे वाहक असल्याचे पाश्चर संस्थेचे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगातून दाखवले, पण ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. १८९६-९७ मध्ये सरकारजवळ होते ते चुना, फिनेल, घरझडती आणि विलगीकरण.

एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा देण्यात आला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत लस तयार करण्यात आली.

या लसीची कृती हिंदुस्थानातील वास्तव्यामुळे घडलेली होती. जंतू वाढवण्यासाठी युरोपात गोमांसाचा रस्सा वापरत. तो येथे चालणार नाही आणि डुकराचाही चालणार नाही, हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या तुपाला धरून जंतूंची वाढ गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी खाली उतरत असे. काही आठवड्यांनी तो द्रव तापवून जंतू मारले जात आणि टिकाऊपणासाठी त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. जिवंत जंतू न टोचता मारलेल्या जंतूंनी शरीराला रोगाची ओळख करून द्यायची, हे या लसीचे तत्त्व होते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना ज्या मात्रेत ती दिली गेली त्याच्या कितीतरी पट, म्हणजे १० घनसेंटिमीटर इतकी मात्रा त्यांनी घेतली. ताप चढला, टोचलेल्या जागी वेदना झाल्या. तरीही ते कामावर हजर राहिले. त्यानंतर ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉक्टर व इतर स्वयंसेवक पुढे आले.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी स्वेच्छेने होकार दिला त्यांना लस देण्यात आली; जवळपास तेवढेच कैदी लस न घेता राहिले. दोन्ही गटांचे अन्न, कोठड्या आणि काम सारखे. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना रोग झाला, पण कुणीही मरण पावले नाही. त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये मोठ्या लोकसंख्येवर पडताळा आला. तेथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ मृत्यू झाले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२.

सर्वांत काटेकोर चाचणी फेब्रुवारी १८९८ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी झाली. प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस द्यायची आणि निम्म्यांना द्यायची नाही, असे ठरले. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मृत्यू पावले. लस न घेतलेले ६४ होते. त्यांतील २७ आजारी पडले व २६ मृत्यू पावले. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या माणसांमधला हा फरक होता. लस घेतली म्हणजे रोग होणारच नाही, असे हाफकिन यांनी कधी सांगितले नाही. रोग होण्याची शक्यता आणि झाल्यास मरण्याची शक्यता दोन्ही बऱ्याच कमी होतात, एवढाच त्यांचा दावा होता आणि तो आकड्यांनी सिद्ध केलेला होता.

सक्ती आणि संमती

याच काळात सरकारने वेगळी वाट धरली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा अमलात आला. घरांची झडती, प्रवाशांची तपासणी, रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना छावण्यांत नेणे, सामान जाळणे हे सारे अधिकार अधिकाऱ्यांच्या हाती आले. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांनी घराघरांत शिरून जी झडती घेतली, तिचा संताप इतका झाला, की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. रोगापेक्षा उपाय भयंकर, ही भावना सर्वत्र पसरली होती. सरकारी दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही आणि सुईतून विष टोचतात, अशा अफवा त्यातूनच जन्मल्या.

या वातावरणात लस ऐच्छिकच राहिली पाहिजे, हा आग्रह हाफकिन यांनी सोडला नाही. त्यांनी लोकांना पटवण्याचा मार्ग धरला. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान, म्हणजे सर सुलतान महंमद शाह, यांनी त्या वेळी मोठे साहाय्य केले. वयाच्या विशीत असलेल्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. पाहता पाहता हजारो खोजांनी लस घेतली. त्या समाजातील मृत्यूंचे घटलेले प्रमाण हाच पुढे इतरांसाठी सर्वांत प्रभावी प्रचार ठरला. टोचून घेतल्याचा दाखला असलेल्यांना विलगीकरणाच्या जाचातून सूट मिळू लागली, तेव्हा सुईबद्दलची भीती आणखी कमी झाली. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील हुबळी येथे १८९८ मध्ये गावाच्या गाव लस घेण्यासाठी पुढे आले.

मागणी वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. एका खोलीत सुरू झालेले काम एका वाड्यात आले आणि हाफकिन त्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. राणी व्हिक्टोरियाने १८९७ मध्येच त्यांना सन्मानित केले होते. प्लेगच्या कामाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या फ्रेझर आयोगाने लसीच्या मात्रेचे प्रमाण अधिक काटेकोर असावे, अशी टीका केली, परंतु लसीची उपयुक्तता मान्य केली.

मुलकोवालची बाटली

यशाच्या शिखरावर असतानाच आघात झाला. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले होते. पंजाब सरकारने प्रचंड प्रमाणात लस मागवली. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून परळच्या प्रयोगशाळेने कृतीत बदल केला: कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेने जंतू मारायचे. ही पद्धत पाश्चर संस्थेच्या परंपरेला धरून होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस देण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व १९ जण मरण पावले. या सर्वांना ५३-एन असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतून लस दिलेली होती. त्या दिवशी इतर बाटल्यांतून ज्यांना लस मिळाली ते सुखरूप राहिले.

एकोणीस माणसे रोगाने नव्हे, तर रोग टाळण्यासाठी घेतलेल्या उपायाने गेली. पंजाबातील लसीकरण कोलमडून पडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. ज्या माणसाने स्वतःच्या देहावर दोन लसींची परीक्षा घेतली होती, त्याच्या माथी १९ मृत्यूंचा कलंक लागला.

कागदपत्रे मात्र वेगळेच सांगत होती. चौकशीत पुढे आलेल्या साक्षीनुसार, मुलकोवालला बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो उचलून जंतुनाशक पाण्यात केवळ हलवून पुन्हा वापरण्यात आला. ज्योतीवर तापवला गेला नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात, हे तेव्हाही सर्वज्ञात होते. दुसरे म्हणजे, ती लस त्याआधी ४१ दिवस बाटलीत होती. जंतू परळलाच शिरले असते, तर एवढ्या काळात ते वाढून द्रवाला दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी जाणवली नव्हती. शिवाय बाटलीत विष आधीच साचलेले असते, तर लक्षणे आठवडाभर न थांबता फार लवकर दिसली असती.

हे मुद्दे उचलून धरले ते रोनाल्ड रॉस यांनी. डासांमुळे मलेरिया होतो, हे दाखवून १९०२ चे नोबेल मिळवणारे रॉस स्वतः हिंदुस्थानात काम केलेले होते. कलकत्त्याचे माजी आरोग्य अधिकारी प्रा. सिम्पसन त्यांच्या बाजूने होते. रॉस यांनी नियतकालिकांतून प्रकरण मांडले आणि जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स या दैनिकात त्यांच्यासह दहा नामवंत तज्ज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाची आठवण अनेकांना झाली, कारण तेथेही एका ज्यू अधिकाऱ्यावर खोटा ठपका ठेवला गेला होता. अखेर १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील दोष दूर झाला.

न्याय मिळाला, पण तो अपुरा. परळचे प्रमुखपद त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली आणि माणसांवर लसीच्या चाचण्या करण्याची मुभा त्यांना राहिली नाही. पाच वर्षांचा काळ वाया गेला तो गेलाच. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते निवृत्त होऊन युरोपला परतले.

अखेरची वर्षे

हाफकिन यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्यात ते आपल्या ज्यू परंपरेकडे अधिकाधिक वळले आणि आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवून गेले. त्यांचे अखेरचे वास्तव्य स्वित्झर्लंडमधील लोझान येथे होते. तेथेच २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईने मात्र त्यांना विसरायचे नाही असे ठरवले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. तरीही हिंदुस्थानात प्लेगचे बळी एक कोटीहून अधिक झाले, यावरून संकटाचा आवाका लक्षात यावा. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९७५ मध्ये लस व औषधनिर्मितीसाठी स्वतंत्र महामंडळ निघाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले.

आजचा अर्थ

प्लेग नंतर मागे हटला आणि प्रतिजैविकांमुळे त्याच्यावर उपचारही सापडले. तरी भीती संपली नव्हती. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेला प्लेगची बातमी फुटली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. सुरतेच्या कापड उद्योगात खानदेशी मजुरांची संख्या मोठी. उधना-भुसावळ मार्गाने अमळनेर, धरणगाव, जळगावकडे येणाऱ्या गाड्यांना माणसे लटकलेली होती. शंभर वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या गाड्यांचे हे प्रतिबिंबच होते.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनाविरुद्ध जो कायदा लागू केला, तो १८९७ चाच साथरोग कायदा होता. त्या वर्षी मे-जून महिन्यांत जळगाव जिल्ह्यातील करोनाचा मृत्युदर राज्यात काळजीचा विषय ठरला होता. पुढच्या वर्षी लस आली, तेव्हा केंद्रांवर रांगाही लागल्या आणि खेड्यापाड्यांतून अफवाही पसरल्या. लस घेतल्यावर माणूस मरतो, अपत्य होत नाही, ताप आला म्हणजे लसच वाईट, ही कुजबुज नवी नव्हती. काटाल बागान आणि मांडवीत हाफकिन यांनी तीच ऐकली होती.

त्यांच्या चरित्रातून आजच्या नागरिकाने घ्यावे असे बरेच आहे. लस घेतल्यावर येणारा हलका ताप आणि दुखरा दंड ही शरीर कामाला लागल्याची खूण असते. १० जानेवारी १८९७ ला तीच खूण हाफकिन यांनी अनुभवली होती. लस घेऊनही रोग होऊ शकतो. उंढेऱ्यातही ८ जणांना झाला होता. पण लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांचे मृत्यू शेजारी ठेवून पाहिले, तरच लसीचे मोल कळते. एका नातेवाइकाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

मुलकोवालचा धडा आरोग्य यंत्रणेसाठी आहे. लस प्रयोगशाळेत कितीही शुद्ध असली, तरी ती शेवटी एका खेड्यात, एका हातातून, एका सुईतून माणसापर्यंत पोहोचते. तो शेवटचा हात चुकला तर सारी साखळी तुटते. आज प्रत्येकासाठी नवी, एकदाच वापरता येणारी सुई असते. उघडलेल्या कुपीवर तारीख व वेळ लिहायची असते, लस शीतपेटीत ठेवायची असते आणि टोचल्यानंतर अर्धा तास केंद्रावर थांबवून घ्यायचे असते. लसीनंतर काही गंभीर घडल्यास त्याची नोंद व चौकशी करण्याची व्यवस्था आहे. एरंडोलच्या ग्रामीण रुग्णालयात असो वा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, या गोष्टी पाळल्या जातात की नाही, हे पाहण्याचा आणि विचारण्याचा हक्क पालकांना आहे. असा प्रश्न म्हणजे लसीला विरोध नव्हे. लसीवरचा विश्वास अशा विचारण्यानेच पक्का होतो.

रँड यांच्या सैनिकांनी घरे झडली आणि लोक दुरावले. हाफकिन यांनी आकडे पुढे ठेवले, स्वतःचा दंड पुढे केला आणि लोक जवळ आले. चूक झाल्याचा संशय आला तेव्हा चौकशी घाईने गुंडाळली गेली, तर एका निरपराध शास्त्रज्ञाबरोबर लसीवरील श्रद्धाही घायाळ होते, हेही त्यांच्याच आयुष्याने दाखवून दिले. परळच्या संस्थेवरील त्यांचे नाव म्हणूनच केवळ स्मारक मानू नये. पुढची साथ येईल तेव्हा शासन, डॉक्टर आणि नागरिक या तिघांनी कसे वागावे, याची ती कायमची आठवण आहे.